शरीराचा आत्मसंयम : संशोधक पॉल एर्लिख यांचे चरित्र



आपल्या धार जिल्ह्यातील बाग हे गाव प्राचीन लेण्यांसाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच ते ठशांच्या छापील कापडासाठीही प्रसिद्ध आहे. तेथील कारागीर लाकडी ठशांनी कापडावर तुरटीच्या खळीची नक्षी उमटवितात आणि मग ते कापड ॲलिझरिन नावाच्या रंगद्रव्यात धावडीच्या फुलांसह उकळतात. भट्टीवरील भांड्यात सगळेच कापड बुडते. परंतु पक्का तांबडा रंग चढतो तो जेथे तुरटी लागलेली असते तेथेच. रंग जणू आपली जागा ओळखतो. हे आपण पाहतो, कौतुक करतो आणि पुढे जातो. परंतु सुमारे दीडशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका विद्यार्थ्याला अशाच एका गोष्टीने असे झपाटले की, त्याने तिचा पाठलाग जन्मभर सोडला नाही. एक रंग एका जागी घट्ट बसतो आणि शेजारच्या जागेला शिवतही नाही, याचे कारण काय? या साध्या प्रश्नातून रक्तपरीक्षेचे शास्त्र निघाले, घटसर्पावरील औषधाचे माप निघाले, आणि अखेरीस मानवी शरीराविषयीचा एक अतिशय खोल प्रश्न पुढे आला. आपले शरीर परक्या विषांचा आणि जंतूंचा नाश करते, मग ते स्वतःचाच नाश का करीत नाही? हा प्रश्न स्पष्ट शब्दांत प्रथम मांडणाऱ्या पॉल एर्लिख या थोर संशोधकाची ही जीवनकथा आहे.

पॉल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी त्या वेळच्या प्रशियाच्या राज्यातील श्ट्रेलेन या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडिलांचा मद्य गाळण्याचा व खाणावळीचा व्यवसाय होता. घर सुखवस्तू होते. पुढील शिक्षणासाठी मुलाला ब्रेस्लाऊ या मोठ्या शहरी पाठविण्यात आले. गणित व लॅटिन या विषयांत तो चांगला होता. परंतु परीक्षा या प्रकाराचा त्याला मनापासून तिटकारा होता, आणि जर्मन भाषेतील निबंध म्हणजे तर त्याचे संकटच होते. जीवन हे एक स्वप्न आहे, या विषयावर निबंध लिहावयास सांगितला असता त्याने जीवन म्हणजे रासायनिक ज्वलन होय, असे प्रतिपादन केले आणि गुरुजींची नाराजी ओढवून घेतली, अशी आठवण त्यांच्या चरित्रात सांगितली जाते. निबंध फसला खरा, पण त्या मुलाचे मन कोणत्या दिशेने धावत होते, हे त्यातून दिसून येते.

त्या काळी जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग तयार करण्याचा उद्योग भरभराटीस आला होता. बागच्या कापडावर चढणारे ॲलिझरिनदेखील पूर्वी मंजिष्ठाच्या जातीच्या वनस्पतींच्या मुळांपासून मिळे. ते १८६८-६९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत बनविले. पॉलचा मावसभाऊ म्हणून वाढलेला नव्हे, तर आईच्या माहेरचा आप्त असलेला कार्ल व्हायगर्ट हा शरीरविकृतिशास्त्राचा अभ्यासक या नव्या रंगांनी शरीरातील सूक्ष्म ऊतके रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. त्याच्यामुळे पॉलला रंगांची गोडी लागली. ब्रेस्लाऊ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग आणि लाइपझिग अशा चार विद्यापीठांत त्याने वैद्यकाचे शिक्षण घेतले. परंतु जेथे जाई तेथे त्याचे लक्ष पाठांतरापेक्षा रंगांच्या बाटल्यांकडेच अधिक असे. हाताची बोटे आणि कामाचे टेबल रंगांच्या डागांनी भरलेले असावयाचे. ऊतके रंगविण्याच्या शास्त्रावरच प्रबंध लिहून १८७८ मध्ये ते डॉक्टर झाले.

त्याच वर्षी ते बर्लिनच्या शारिते रुग्णालयात रुजू झाले. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, वाळवून, निरनिराळ्या रंगांनी रंगविला असता पांढऱ्या पेशी सगळ्या एकसारख्या नसतात, त्यांच्या अनेक जाती आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. कोणी आम्ल रंग घेते, कोणी अल्कली रंग घेते, कोणी दोन्ही. आज डॉक्टरांच्या सांगण्यावरून आपण रक्त तपासून घेतो आणि कागदावर पांढऱ्या पेशींच्या जातींचे शेकडा प्रमाण छापून येते, त्या वर्गवारीचा पाया एर्लिख यांनी घातला आहे. या जातींमध्ये लसिकापेशी नावाची एक जात आहे. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे. कथेच्या शेवटी तिच्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

२४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिन येथे क्षयाचा जंतू शोधून काढल्याचे जाहीर केले. श्रोत्यांत एर्लिख होते. ते तसेच उठून प्रयोगशाळेत गेले आणि हा जंतू अधिक स्पष्ट दिसेल अशी रंगविण्याची रीत शोधू लागले. रात्री त्यांनी काचा विझलेल्या लोखंडी शेगडीवर वाळत ठेवल्या. सकाळी कामवाल्या बाईने काचा न पाहताच शेगडी पेटविली. सर्व श्रम वाया गेले असे वाटून एर्लिख यांनी काचा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या, तो काय आश्चर्य! उष्णतेमुळे रंग जंतूंवर उत्तम बसला होता. परंतु ज्या जंतूचा त्यांनी इतका पाठलाग केला, त्यानेच पुढे त्यांना गाठले. १८८८ च्या सुमारास त्यांना क्षयाची बाधा झाली, आणि पत्नी हेडविग यांच्यासह त्यांना इजिप्तच्या कोरड्या हवेत जाऊन राहावे लागले. सुदैवाने ते बरे होऊन परतले. १८९१ मध्ये कॉख यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत बोलावून घेतले.

येथून त्यांच्या आयुष्याचे खरे कार्य सुरू झाले, आणि त्याचा आरंभ आपल्या माळव्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक असलेल्या दोन बियांपासून झाला. एक एरंडी आणि दुसरी गुंज. तांबडी, काळ्या टिपक्याची गुंज सोनार पूर्वी सोने तोलण्यास वापरीत. दिसावयास ती फार सुंदर. परंतु तिच्या पोटात ॲब्रिन नावाचे भयंकर विष असते, म्हणून ती कधीही चावून पाहू नये. एरंडीतील विषाचे नाव रिसिन. एर्लिख यांनी उंदरांना ही विषे अगदी थोड्या मात्रेने देण्यास प्रारंभ केला आणि मात्रा हळूहळू वाढवीत नेली. काही दिवसांनी ज्या मात्रेने साधा उंदीर तत्काळ मरावा, तिच्या कितीतरी पट विष हे उंदीर पचवू लागले. त्यांच्या रक्तात त्या विषाचा पाडाव करणारे प्रतिविष उत्पन्न झाले होते. आणखी गंमत अशी की, एरंडीच्या विषाला सरावलेला उंदीर गुंजेच्या विषाने मात्र मरे. म्हणजे शरीराचे प्रतिविषही बागच्या रंगाप्रमाणे नेमकी आपली जागा ओळखत होते.

पुढे त्यांनी आणखी एक हृद्य प्रयोग केला. विषाला न सरावलेल्या उंदरीची पिल्ले त्यांनी सरावलेल्या उंदरीच्या दुधावर वाढविली. त्या पिल्लांच्या अंगी प्रतिकारशक्ती आली. मातेच्या दुधातून बालकाला नुसते पोषणच नव्हे, तर संरक्षणही मिळते, ही गोष्ट १८९२ मध्ये अशी प्रयोगाने सिद्ध झाली.

त्याच सुमारास बेरिंग आणि जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात या रोगांवर प्रतिविषाचा उपाय शोधला होता. घटसर्पाने त्या काळी घरोघरची लहान मुले गुदमरून मरत. घोड्याच्या रक्तापासून काढलेले प्रतिविष टोचले तर मूल वाचे. परंतु एका बाटलीतील औषध कडक, दुसऱ्या बाटलीतील निःसत्त्व, अशी स्थिती होती. मात्रा किती द्यावी हेच कळत नसे. एर्लिख यांनी १८९७ मध्ये प्रतिविषाची शक्ती मोजण्याचे निश्चित एकक ठरवून दिले आणि नमुन्याचे प्रतिविष कोरडे करून निर्वात नळीत जपून ठेवण्याची रीत घालून दिली. त्यानंतरच हे औषध भरवशाचे झाले. बेरिंग यांना त्यातून कीर्ती व संपत्ती दोन्ही मिळाली. एर्लिख यांच्या वाट्याला आले ते सरकारी संस्थेचे संचालकपद. प्रथम बर्लिनजवळ आणि १८९९ पासून फ्रांकफुर्ट येथे. त्यांचे पुढील सर्व आयुष्य त्याच शहरी गेले.

एर्लिख यांची राहणी मोठी विलक्षण होती. दिवसाकाठी वीस-पंचवीस कडक सिगार ते ओढीत. हे व्यसन त्यांच्या प्रकृतीला बाधल्यावाचून राहिले नाही, आणि त्या बाबतीत त्यांचे अनुकरण कोणी करू नये. खोलीतील खुर्च्या, कोच आणि जमीन पुस्तकांच्या व मासिकांच्या ढिगांनी भरलेली असे. आलेल्या पाहुण्याला बसावयास जागा सापडणे कठीण. सहकाऱ्यांना रोजचे काम ते रंगीत चिठ्ठ्यांवर रंगीत पेन्सिलींनी लिहून देत. विचार सुचला की जवळचा कागद, शर्टाची बाही, जे मिळेल त्यावर आकृत्या काढीत. विरंगुळ्यासाठी मात्र त्यांना गुप्तहेरांच्या कथा आवडत, आणि शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल यांच्यावर त्यांचा विशेष लोभ होता.

आकृत्या काढीत काढीतच त्यांनी १८९७ मध्ये एक सिद्धांत मांडला. प्रत्येक पेशीच्या अंगावर निरनिराळ्या आकारांचे जणू हात असतात. त्यांना त्यांनी पार्श्वशृंखला म्हटले. कुलपात किल्ली बसावी तसे एखादे विष त्यांतील एखाद्या हातात नेमके बसते. मग ती पेशी तसलेच हात भराभर निर्माण करते, ते सुटून रक्तात येतात आणि मोकळ्या विषाला वाटेतच पकडतात. हेच प्रतिविष. या सिद्धांताचे काही तपशील पुढे चुकीचे ठरले; परंतु पेशीच्या पृष्ठभागावर परक्या पदार्थाला ओळखणारे ग्राही असतात, ही त्यातील मुख्य कल्पना आजही खरी मानली जाते.

या सिद्धांतातूनच तो मोठा प्रश्न उभा राहिला. शरीर जर कोणत्याही पदार्थाविरुद्ध हत्यार घडवू शकते, तर ते स्वतःच्या रक्ताविरुद्ध, स्वतःच्या मांसाविरुद्ध का घडवीत नाही? एर्लिख आणि त्यांचे सहकारी मॉर्गेनरोट यांनी शेळ्यांवर प्रयोग केले. एका शेळीला दुसऱ्या शेळ्यांचे रक्त टोचले. काही दिवसांनी तिच्या रक्तरसात असे द्रव्य निर्माण झाले की, ते इतर शेळ्यांच्या तांबड्या पेशी विरघळवून टाकी. परंतु तिच्या स्वतःच्या तांबड्या पेशींना ते धक्काही लावीत नसे. पुन्हा पुन्हा प्रयोग केला, तरी तोच निष्कर्ष. शेजारच्या शेळीचे रक्त परके आणि आपले ते आपले, हा भेद शरीर इतक्या काटेकोरपणे पाळत होते. १९०१ च्या सुमारास एर्लिख यांनी या नियमाला हॉरर ऑटोटॉक्सिकस असे लॅटिन नाव दिले. स्वतःलाच विषबाधा करण्याची शरीराला वाटणारी धास्ती, असा त्याचा अर्थ.

येथे एक बारीक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. शरीर स्वतःविरुद्ध हत्यार उचलूच शकत नाही, असे एर्लिख यांचे म्हणणे नव्हते. ते उचलले जाऊ नये म्हणून शरीरात काही नियामक योजना असली पाहिजे, आणि ती योजना बिघडली तर रोग उद्भवतील, अशी शक्यता त्यांनी मोकळी ठेवली होती. परंतु पुढच्या पिढीने नाव तेवढे लक्षात ठेवले आणि प्रश्न विसरला. १९०४ मध्येच व्हिएन्ना येथे डोनाट आणि लांडश्टायनर यांनी एक रोग दाखवून दिला होता, ज्यात थंडी लागली असता रोग्याचे स्वतःचेच प्रतिद्रव्य स्वतःच्या तांबड्या पेशी फोडते. तरीही तो अपवाद म्हणून बाजूला ठेवण्यात आला. एवढ्या थोर पुरुषाने जे अशक्य म्हटले ते कसे घडेल, अशी समजूत सुमारे अर्धशतक टिकली. ज्यांचे शरीर स्वतःशीच झगडत होते अशा रोग्यांना त्यामुळे योग्य निदानाची वाट पाहावी लागली. १९५६ मध्ये अमेरिकेत रोझ व व्हिटेब्स्की यांनी सशांच्या अवटु ग्रंथीवर प्रयोग करून ही समजूत मोडली. व्हिटेब्स्की हे एर्लिख यांच्या शिष्याचे शिष्य होते, हे विशेष!

एर्लिख यांना १९०८ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्यासह वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही ते थांबले नाहीत. रंग जसा नेमक्या ऊतकावर बसतो, तसे नेमके जंतूलाच गाठणारे आणि रोग्याला न दुखावणारे औषध का नसावे, हा त्यांचा ध्यास होता. शेकडो रसायने तयार करून तपासली गेली. १९०९ मध्ये त्यांचे जपानी सहकारी हाता यांनी ६०६ क्रमांकाचे रसायन उपदंशाच्या जंतूवर गुणकारी असल्याचे दाखविले, आणि १९१० मध्ये साल्व्हारसान या नावाने ते जगापुढे आले. आधुनिक रासायनिक उपचारांचा तो आरंभ होय. त्याबरोबर टीका आणि निंदाही आली. अतिश्रम, निंदेचा ताप आणि पहिले महायुद्ध यांनी त्यांचे शरीर खचले. २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे त्यांचे निधन झाले. पुढे नाझी राजवटीत, ते ज्यू होते एवढ्याच कारणावरून, फ्रांकफुर्टमधील रस्त्याला दिलेले त्यांचे नाव काढून टाकण्यात आले. युद्धानंतर ते पुन्हा देण्यात आले.

आता त्यांच्या प्रश्नाचे काय झाले ते पाहू. उत्तर दडले होते ते त्यांनीच रंगवून वेगळ्या केलेल्या लसिकापेशींमध्ये. १९५३ मध्ये इंग्लंडमध्ये मेडावर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भावस्थेतील उंदरांना परक्या जातीच्या पेशी टोचल्या. ते उंदीर मोठे झाल्यावर त्या जातीच्या कातडीचे कलम आपले म्हणून स्वीकारू लागले. आपले कोण आणि परके कोण, हे शरीर जन्मापूर्वीपासून शिकते, हा ऑस्ट्रेलियाचे बर्नेट यांचा तर्क त्यामुळे खरा ठरला. दोघांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६१ मध्ये मिलर यांनी छातीच्या हाडामागील थायमस या ग्रंथीचे महत्त्व दाखवून दिले. काही लसिकापेशी येथे तयार होतात. त्यांना टी-पेशी म्हणतात. थायमस ही त्यांची शाळा आणि तीच त्यांची कठोर परीक्षाही. शरीराच्या निरनिराळ्या भागांतील द्रव्यांचे नमुने त्यांना तेथे दाखविले जातात. जी पेशी आपल्याच द्रव्याला घट्ट पकडते, तिचा सामान्यतः तेथेच नाश होतो.

परंतु कोणतीही परीक्षा पूर्ण निर्दोष नसते. काही धोकादायक पेशी निसटून रक्तात येतातच. मग त्यांना कोण आवरते? जपानमधील शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखविले की, टी-पेशींतच एक लहानसा रक्षकवर्ग असतो. मदतनीस टी-पेशींपैकी सुमारे ५ ते १० टक्के पेशी या वर्गातील असतात. त्यांना नियामक टी-पेशी म्हणतात. शत्रूला मारणे हे त्यांचे काम नव्हे. चवताळलेल्या स्वकीयांना शांत करणे हे त्यांचे काम. इतर पेशींना वाढीसाठी लागणारा रासायनिक संदेश त्या स्वतःच शोषून घेतात आणि हल्ल्याला चेतविणाऱ्या खुणा पुसून टाकतात. २००१ मध्ये अमेरिकेत मेरी ब्रन्काव व फ्रेड रॅम्सडेल यांनी एका जन्मतःच रोगट उंदरांच्या वंशात फॉक्सपी-३ नावाच्या जनुकातील दोष शोधला. ज्या बालकांत हेच जनुक बिघडलेले असते, त्यांचे शरीर अगदी लहानपणीच स्वतःवर तुटून पडते. हे जनुक नियामक पेशी घडविते, हे लवकरच सिद्ध झाले. या तिघांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एर्लिख यांनी जिची केवळ कल्पना केली होती, ती नियामक योजना अशा रीतीने हाती लागली.

हा विषय केवळ पुस्तकी नाही. एखाद्या वर्गातील मुलाला रोज इन्सुलिन टोचून घ्यावे लागते. त्याच्या टी-पेशींनी स्वादुपिंडातील इन्सुलिन बनविणाऱ्या पेशी परक्या समजून नष्ट केलेल्या असतात. याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. त्याने गोड फार खाल्ले किंवा आईबापांनी हयगय केली, असे बोलणारे लोक भेटतात. ते अज्ञान आहे. त्यात कोणाचाच दोष नसतो. अशा मित्राला दूर न सारता त्याच्या वेळा सांभाळण्यास मदत करणे, हे आपले कर्तव्य आहे. संधिवाताचा एक प्रकार आणि अवटु ग्रंथीचे काही विकार याच जातीचे आहेत. नियामक पेशींना बळ देऊन हे रोग आटोक्यात आणता येतील काय, याचे संशोधन आज चालू आहे.

देवासच्या बँक नोट प्रेसमुळे नोटा आणि त्यांची शाई या गोष्टी आपल्या भागात घरच्यासारख्या आहेत. १९९० मध्ये जर्मनीने २०० मार्कांची नवी नोट काढली, तिच्यावर एर्लिख यांचे चित्र होते आणि मागे सूक्ष्मदर्शक यंत्राचे. युरो आल्यावर ती नोट व्यवहारातून गेली. एर्लिख यांचा प्रश्न मात्र गेला नाही. शंभर वर्षे तो प्रयोगशाळांतून हिंडत राहिला, आणि त्याचे बरेचसे उत्तर मिळाले ते थोरांचे नाव ऐकून गप्प न बसणाऱ्या माणसांमुळे. पुढच्या वेळी बागच्या कापडावरील तांबडे फूल पाहाल, तेव्हा रंग तेथेच का बसला, हे घरी एकदा विचारून पाहा.